तळ्यावर पाहुणे येतात तेव्हा

(सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

भाकऱ्या थापता थापता, भाजी निवडता निवडता रेडिओ ऐकणाऱ्या तुम्हा सगळ्यांना माझा रामराम. मी अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटातली. आमचा बारा जणींचा बचत गट आहे. आमच्या गटाचं एक वेगळं काम आहे, त्याबद्दल मला आज बोलायला सांगितलंय. मुंबई-पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना आम्ही आमच्या तळ्यावर गळाने मासे पकडायला नेतो. सकाळी तीन तास. त्याचे पैसे घेतो.

हसलात ना? आम्हीही हसलो होतो. मासे पकडायला काय कुणाचा हात धरून न्यायचं असतं? आपली पोरं तर चड्डी सावरायला शिकायच्या आधी गळ टाकायला शिकतात. पण जे आपल्याला हाताच्या मळासारखं वाटतं, ते दुसऱ्याला येत नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. ते कसं कळलं आणि त्यात आमचं काय चुकलं, हेच आज सांगणार आहे.

आधी तळ्याबद्दल सांगते. आमच्याकडे खाडीला बांध घालून मिळवलेली जमीन. पावसाळ्यात एकच भाताचं पीक. विहीर खणली तर पाणी मचूळ. म्हणून जुन्या माणसांनी घराजवळ तळी खणली, पावसाचं गोडं पाणी साठवलं. धुणं, गुरांचं पाणी, परसातली भाजी, सगळं त्या तळ्यावर. आणि त्यात मासे. शहापूर, धेरंड या बाजूला गेलात तर अजूनही घराशेजारी जिताड्याचं तळं दिसेल. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी जिताड्याची बोटभर पिल्लं सापडतात. ती आणून तळ्यात सोडायची आणि दोन-तीन वर्षं सांभाळायची. घरात लग्नकार्य निघालं, मोठा पाहुणा आला की तळ्यातला जिताडा निघायचा. ती आमची बँकेतली ठेवच म्हणा ना.

आमचं तळं माझ्या घरचं आणि दिरांचं, दोघांच्या नावावर. भाऊजी मुंबईला असतात. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू झाला. मुंबई जवळ आली, तसा जमिनीला भाव आला. भाऊजींनी एका गणपतीत सरळ विषय काढला. म्हणाले, "वहिनी, तळं भरून टाकू. भराव घातला की प्लॉट होतो. ह्या डबक्यातून वर्षाला मिळतं काय?"

मला राग आला, पण उत्तर देता आलं नाही. खरंच, मिळत काय होतं? घरचं कालवण आणि कधीमधी एखादा जिताडा. तो आकडा मांडायला मी बसले, तिथून हे काम सुरू झालं. तळं राहायचं तर तळ्याने कमवायला हवं, एवढं साधं गणित होतं.

गटात बोलले. एकीच्या भाच्याने सुचवलं की शहरातली माणसं पैसे देऊन मासे पकडायला जातात. मुंबईत पवईच्या तलावावर गळ टाकणाऱ्या हौशी लोकांची जुनी संघटना आहे, हे आम्हाला तेव्हा समजलं. मग गटाने आमच्याकडून तळं भाड्याने घेतलं. अर्धं भाडं आमचं, अर्धं भाऊजींचं. बांबूच्या काठ्या केल्या, गळ, दोरा, शिशाच्या गोळ्या आणल्या. आणि पहिली चूक केली. भाव ठरवला किलोवर. जेवढे मासे पकडाल तेवढ्याचे पैसे द्या.

काय झालं ऐका. काही पाहुणे असे आले की त्यांना तीन तासांत एकही मासा लागला नाही. ते हिरमुसून गेले, आणि आम्हाला एक रुपया नाही. दुसरे आले ते अगदी तयारीचे. त्यांनी दोन दिवसांत तळं निम्मं रिकामं केलं. त्या दोन दिवसांत पैसे बरे आले, पण पुढचा महिनाभर तळ्यात दाखवायला काही उरलं नाही. म्हणजे मासा लागला नाही तर आमचं नुकसान, आणि लागला तरी आमचंच नुकसान!

दुसरी चूक त्याहून मोठी. पाहुण्यांबरोबर कोण जाणार? आम्ही गटातल्या शिकलेल्या मुलीला पाठवलं, कारण तिला हिंदी-इंग्रजी बोलता येतं. पोरगी हुशार, बोलायला चटपटीत. पण तळ्यात मासा कुठे असतो ते तिला ठाऊक नव्हतं. एका रविवारी एक कुटुंब अडीच तास बसलं, गळ हलला नाही. बांधावर वाडीवरच्या एक मावशी गवत कापत होत्या. आदिवासी कातकरी समाजाच्या. मजुरीवर आलेल्या. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "उन्हात कोण बसतं गं? माशालाही डोकं आहे. वारा बघ ना कुठून येतोय."

त्यांनी पाहुण्यांना उठवून समोरच्या काठाला, झाडाच्या सावलीत बसवलं. गळ एवढा खोल टाकला होता तो वर घेतला. कणकेच्या गोळीऐवजी गांडूळ लावलं. दहा मिनिटांत त्यांच्या लहान मुलीला पहिली चिलापी लागली. ती पोर अशी किंचाळली की घरातून माणसं धावत आली! जाताना त्या कुटुंबाने आम्हाला विचारलं, "पुढच्या वेळी ह्या मावशी असतील ना?"

त्या दिवशी त्यांना गवत कापायची मजुरी मिळाली, आणि पाहुण्यांचे पैसे आमच्या गटाला. मला रात्री झोप लागली नाही. पाहुणे कशाचे पैसे देऊन गेले होते? चिलापी बाजारात मिळते. पैसे दिले होते ते मावशींच्या माहितीचे. आणि ती माहिती आम्ही फुकट घेतली होती.

पुढच्या बैठकीत वाद झाला. "त्या आपल्या गटात नाहीत", "त्यांना लिहिता येत नाही", असं सगळं निघालं. शेवटी एक जण बोलली, "आपल्याला तरी तळं कुठे वाचता येतं?" त्यावर गप्प झालो. मावशींना विचारायला गेलो. त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मजुरीवर नाही येणार. मी शिकवणार असेन तर शिकवणारीचे पैसे द्या, आणि त्याच दिवशी हातात द्या." आम्ही कबूल केलं.

आता आमचा हिशोब असा आहे. किलोवर काही नाही. पैसे सकाळचे. माणशी तीनशे रुपये. चार जण आले तर बाराशे. त्यातले चारशे गाईडचे, म्हणजे मावशी असतील तर मावशींचे. दोनशे मदतीला असणाऱ्या बाईचे. अडीचशे तळ्याचं भाडं. दीडशे गळ, दोरा, आमिष, डागडुजी. उरलेले दोनशे गटाच्या खात्यात. मासा लागो न लागो, हे ठरलेलं. प्रत्येक कुटुंबाने दोन चिलाप्या न्यायच्या, बाकीचे मासे पाण्यात परत. चहा आणि तांदळाची भाकरी त्यात आली. पूर्ण जेवण हवं असेल तर वेगळे पैसे. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की पोपटी लावतो, तिचेही वेगळे.

आता तुम्ही म्हणाल, मासा परत पाण्यात सोडायचा तर पाहुणा येईल कशाला? मलाही तेच वाटलं होतं. पण जगात ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत उत्तरेकडे मिनेसोटा नावाचं राज्य आहे, तिथे गोड्या पाण्याची हजारो तळी. त्यांचा लाडका मासा वॉलाय. १९६५ पासून तो त्या राज्याचा मासा आहे. तिथे तळ्याची माहिती असलेली माणसं पाहुण्यांना नावेतून नेतात आणि दिवसाचे पैसे घेतात. मासे पकडायला परवाना लागतो, आणि किती मासे ठेवायचे याला सरकारी मर्यादा आहे. लहान मुलांना आधी वॉलायच्या मागे लावत नाहीत. आधी लहान चपटे मासे, ज्यांना ते तव्यात मावणारे मासे म्हणतात. ते पटकन गळाला लागतात, मुलांना गोडी लागते. आमच्या मावशींनी त्या पोरीला चिलापीवर बसवलं ते याच अकलेने.

आणि आपला जिताडा? ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला हाच मासा आहे. तिथे त्याला बारामुंडी म्हणतात. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला शब्द आहे, मोठ्या खवल्यांचा मासा असा त्याचा अर्थ. तो गळाला लागावा म्हणून लोक विमानाने तिथे जातात, गाईड घेतात. तिथल्या क्वीन्सलंड राज्यात नद्या-खाड्यांतला बारामुंडी ५८ सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर परत सोडायचा, आणि १२० सेंटीमीटरपेक्षा मोठा असेल तरीही परत सोडायचा. लहान सोडायचा हे कळतं. मोठा का? कारण जिताडा सुरुवातीला नर असतो आणि काही वर्षांनी, वाढून मोठा झाला की बहुतेक वेळा मादी होतो. म्हणजे सगळ्यात मोठे जिताडे असतात त्या आया. लाखो अंडी देणाऱ्या. बायांनो, हे ऐकलं तेव्हा आमच्या बैठकीत जो हशा झाला तो काय सांगू! पण हसून झाल्यावर सगळ्या गंभीर झाल्या. खाडीत मोठा जिताडा सापडला की आपण फोटो काढतो आणि विकतो. आपण कुणाला विकतोय, ते माहीत नव्हतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. जिताडा गोड्या तळ्यात वाढतो, पण तिथे त्याची वीण होत नाही. त्याला खाडीचं, समुद्राचं खारं पाणी लागतं. म्हणून तळ्यातला मोठा जिताडा सोडला तर पिल्लं वाढतील असं नाही. तळ्यात तो सोडायचा तो पुढच्या पाहुण्यासाठी. खाडीतली मोठी मादी सोडायची ती पुढच्या वर्षीच्या पिल्लांसाठी. हल्ली खाडीतून पुरेशी पिल्लं मिळत नाहीत अशी तक्रार आपण करतो. तळ्यात सोडायला बीज विकत घेता येतं. चेन्नईच्या सीबा या केंद्र सरकारच्या संस्थेने १९९७ साली जिताड्याची पैदास करून दाखवली, तेव्हापासून हा रस्ता खुला झाला. बीज आणलं तर एकाच मापाचं सोडा. जिताडा खादाड आहे, मोठं पिल्लू लहान पिल्लाला गिळतं.

आता तळं कसं वाचायचं, मावशींनी शिकवलेल्या चार गोष्टी सांगते.

पहिली, वारा. वारा ज्या काठाकडे जातो तिकडे पाण्यावरचं खाणं वाहत जातं. लहान मासे त्यामागे जातात आणि मोठे लहानांच्या मागे. त्या काठाला बसा.

दुसरी, वेळ. उजाडताना आणि दिवस मावळायच्या आधी. दुपारी मासा खोल पाण्यात नाहीतर सावलीत. जिताड्याला अंधुक उजेडात चांगलं दिसतं. रात्री बॅटरी मारली तर त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. वॉलायचे डोळेही असेच चमकतात म्हणे. दोघंही सांजसकाळचे शिकारी.

तिसरी, काठ. उथळ पाण्यात तळाशी बशीसारखे खळगे दिसले तर ती चिलापीची घरं. नर खळगा करतो, आणि मादी अंडी तोंडात धरून सांभाळते. तेवढे दिवस ती धड खातही नाही. पाहुण्यांना हे दाखवलं की गळ बाजूला ठेवून बघत बसतात. त्या काठाला आम्ही गळ टाकू देत नाही.

चौथी, माशाचं तोंड. ढगाळ, कोंदट सकाळी मासे पाण्यावर तोंड काढून हवा घेताना दिसले, तर पाण्यातला प्राणवायू कमी झालाय. त्या दिवशी गळ बंद. पंप लावून पाणी खेळवायचं. पाहुणे आले असतील तर चहा द्यायचा, पोहे द्यायचे आणि पैसे परत करायचे. एकदा असं केलं होतं. तेच पाहुणे पुढच्या महिन्यात दुसरी दोन कुटुंबं घेऊन आले.

आता जीवाची गोष्ट. दुसऱ्या वर्षी आमच्याकडे एक सात-आठ वर्षांचा मुलगा शेवाळावरून घसरून पाण्यात गेला. आई फोटो काढत होती, वडील फोनवर होते. मावशींनी साडीसकट उडी मारली आणि त्याला बाहेर काढलं. सगळं मिनिटभरात झालं. मुलाला काही झालं नाही. पण माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. तळं वाचवायला निघालो होतो, त्यात कुणाचं मूल गेलं असतं तर? आम्ही महिनाभर काम बंद ठेवलं.

त्यानंतर नियम केले. प्रत्येक मुलाला लाइफ जॅकेट, आणि ते घातल्याशिवाय बांधावर पाय नाही. काठावर दोरी बांधलेली ट्यूब आणि रिकामे पाच लिटरचे डबे, कुणालाही फेकता येतील असे. उतरायची जागा एकच, तिथलं शेवाळ रोज खरवडायचं. सहा पाहुण्यांमागे आमच्या दोघी. त्यातली एक फक्त पाण्याकडे बघणार, तिने गळाला हात लावायचा नाही. पोहता येणारी बाई हजर नसेल तर त्या दिवशी कार्यक्रम नाही. दारू प्यायलेला पाहुणा परत पाठवायचा, मग तो कुणाचाही ओळखीचा असो.

गळाचा उलटा काटा पकडीने चेपून टाका. मासा सहज सुटतो आणि माणसाच्या बोटात गेला तरी निघतो. काटा न चेपलेला गळ बोटात रुतला तर ओढू नका, डॉक्टरांकडे जा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण धारदार असतं, तिथे बोट घालू नका. मासा सोडायचा असेल तर आधी हात ओले करा, पोटाखाली आधार द्या आणि लवकर सोडा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, मग त्याला रोग लागतो. फोटोसाठी दहा मिनिटं हवेत धरलेला मासा सोडला तरी वाचत नाही.

वर्षाचं वेळापत्रकही ठरवलंय. पावसाळ्यात बंद. बांध निसरडे असतात आणि तळं भरून वाहतं, सांडव्याला जाळी लावायचीच धांदल असते. पहिल्या पावसात वलगणीचे मासे शेतात चढतात ते अंड्यांनी भरलेले असतात. त्यांच्यासाठी पाहुणे बोलावत नाही. श्रावणात तर खाणारंच कुणी नसतं. नवरात्र झालं की सुरू करतो ते मार्चअखेरपर्यंत. मार्गशीर्षातल्या गुरुवारी सुट्टी, कारण गटातल्या सगळ्यांचा उपास! एप्रिल-मेमध्ये पाणी उतरतं, तापतं. तेव्हा माशाला त्रास द्यायचा नाही.

कागदपत्रांचंही सांगते. तळं खाजगी असेल तर सातबाऱ्यावर नाव असलेल्या सगळ्यांची लेखी संमती घ्या. ग्रामपंचायतीचं असेल तर ठराव आणि भाडेपट्टा हवा, तळं कुणा मच्छीमार संस्थेला दिलेलं आहे का तेही बघा. जेवण देणार असाल तर अन्न परवान्याची नोंदणी करा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलंय, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. २०२३ साली महिलांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आलं. त्यात पर्यटनाचा धंदा करणाऱ्या बाईला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळतो. अटी आहेत, त्या कार्यालयात जाऊन नीट विचारा. आणि आपल्यासारख्या बायका हे करू शकतात का, अशी शंका आली तर सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला जाऊन या. तिथल्या स्वामिनी गटाच्या बायका मांडवी खाडीत पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात. होडी स्वतः वल्हवतात.

आता शेवटचं. गेल्या गणपतीत भाऊजी आले तेव्हा मी वही पुढे ठेवली. तळ्याचं वर्षाचं भाडं, त्यांचा अर्धा हिस्सा, बँकेत भरल्याच्या पावत्या. त्यांनी वही दोनदा वाचली. म्हणाले, "वहिनी, प्लॉटचे पैसे याच्यापेक्षा खूप जास्त येतील." मी म्हटलं, "येतील. एकदाच येतील." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची नात मावशींशेजारी बसून गळ टाकत होती, आणि भाऊजी बांधावर उभे राहून बघत होते. तळं विकायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. खोटं कशाला सांगू? पण भराव घालायची गोष्ट यंदा निघाली नाही.

मावशी आता गटाच्या सभासद आहेत. वाडीवरच्या दोन पोरींना त्या शिकवतायत. पैशाच्या नोंदी ती आमची शिकलेली मुलगी ठेवते, आणि मावशींच्या मागे फिरून तळं वाचायला शिकते.

म्हणून माझं एकच सांगणं आहे. तुमच्या गावात तळं असेल, बंधारा असेल, तर या आठवड्यात तिथे एक फेरी मारा. एकट्या जाऊ नका. गावातल्या ज्या बाईला त्या पाण्यातलं सगळ्यात जास्त कळतं, तिला बरोबर न्या. ती गटात नसेल, सभेला येत नसेल, तिला सही येत नसेल. तरी तिलाच न्या. तिला विचारा, आणि ती सांगेल ते ऐका. आणि धंदा उभा राहिलाच, तर पहिले पैसे तिच्या हातात द्या.

येते मी. नमस्कार.